स्वरलिपीचा ताबेदार

एकोणिसाव्या शतकातील इटलीच्या ऑपेरागृहात सर्वांत कमी सत्ता कोणाची चालत असेल, तर ज्याने तो ऑपेरा रचला त्या संगीतकाराची. त्याने महिनोन्महिने खपून सिद्ध केलेली स्वरलिपी एकदा गायकांच्या हाती पडली, की तीत हवी तेथे तान घालण्याचा, शेवटचा उंच स्वर दम पुरेल तितका लांबवण्याचा आणि गळ्याला न पेलणारा भाग गाळून टाकण्याचा अधिकार ते परंपरेने आपल्याकडे राखून असत. नाट्यगृहाचा ठेकेदार खर्चाचा हिशेब पाहून वादकांची संख्या ठरवी. आणि प्रेक्षकवर्ग दिवे लख्ख पेटलेल्या सभागृहात भेटीगाठी व गप्पागोष्टी करीत बसे, तो आवडती गायिका पुढे आली म्हणजे तेवढ्यापुरता रंगभूमीकडे वळे. संगीत नाटकाच्या जुन्या मराठी रसिकाला यातले पुष्कळसे परिचयाचे वाटेल, कारण एकेका पदाला लागोपाठ ‘वन्स मोअर’ घेणाऱ्या गायक-नटांच्या आठवणी आपल्याकडेही कौतुकानेच सांगितल्या जातात. या रमणीय बेबंदशाहीत स्वरलिपीच्या कागदाला सनदेचे मोल आणून देणारा, आणि त्यासाठी गायक, मालक, प्रेक्षक व पुढे प्रत्यक्ष राज्यकर्ते यांच्याशी उभा दावा मांडणारा संचालक म्हणजे आर्तुरो तोस्कानिनी होय.

वाद्यवृंदाचा संचालक म्हणजे हातात छडी घेऊन ताल धरणारा मनुष्य अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत असते, आणि जेथे गायक व साथीदार एकमेकांच्या मुद्रेकडे पाहून मैफल रंगवतात त्या संगीतात वाढलेल्या माणसाची ती असणे स्वाभाविकच आहे. परंतु ऑपेराच्या प्रयोगात रंगभूमीसमोरील खोलगट जागेत बसलेले ऐंशी-नव्वद वादक, रंगभूमीवरचे मुख्य गायक, त्यांच्या मागे उभा असलेला समूह आणि कधी कधी पडद्याआड वाजणारा एखादा निराळा वाद्यगट, ही सगळी मंडळी परस्परांपासून इतक्या अंतरावर असतात, की समग्र रचना त्यांपैकी कोणालाच नीट ऐकू येत नाही. प्रत्येक वादकापुढे त्याच्या वाट्याचा कागद तेवढा असतो. सर्व वाद्ये व कंठ ज्यात एकाखाली एक मांडलेले आहेत तो मूळ दस्तऐवज केवळ संचालकापाशी असतो, आणि गती कोणती, कोणते वाद्य किती दबवायचे, कोठे श्वास घ्यायचा, कोणत्या क्षणी कोणाला पुढे आणायचे, हे सारे तो ठरवतो. तेही मुख्यतः तालमीत. प्रयोगाच्या रात्री त्याचा हात जे करतो ती बहुतांशी आधी झालेल्या निर्णयांची अंमलबजावणी असते.

तोस्कानिनीचा जन्म २५ मार्च १८६७ रोजी पार्मा शहराच्या नदीपलीकडील गरीब वस्तीत झाला. बाप क्लाउदिओ हा शिंपी. पण कातर-सुईपेक्षा गारिबाल्दीच्या सैन्यातील आपल्या मर्दुमकीच्या गोष्टींतच त्याचा जीव अधिक रमे, आणि त्याचे परिणाम घरातील मडक्यांना भोगावे लागत. नवव्या वर्षी मुलाला पार्माच्या संगीत विद्यालयात प्रवेश मिळाला व त्याच्या वाट्याला चेलो हे वाद्य आले. विद्यालयाची शिस्त कडक होती आणि भोजन निकृष्ट. तेथे वारंवार वाढल्या जाणाऱ्या माशांचा त्याने असा धसका घेतला, की पुढे जन्मभर तो मासे खाईना. १८८५ साली तो सर्वोच्च गुण मिळवून बाहेर पडला. दृष्टी त्याची मुळातच अधू होती. समोरच्या चौकटीवरील कागद वाचणे कष्टाचे जाई, म्हणून सगळे पाठच करून टाकण्याची सवय त्याने लावून घेतली, आणि एका न्यूनापोटी आलेल्या या सवयीने त्याला अवघ्या एका रात्रीत वादकाचा संचालक केला.

ती रात्र ३० जून १८८६ ची, आणि स्थळ दक्षिण अमेरिकेतील रिओ दी जानेरो. दौऱ्यावर गेलेल्या एका इटालियन मंडळीत एकोणीस वर्षांचा तोस्कानिनी चेलोवादक होता व समूहगायकांच्या तालमी घेण्याचे कामही पाही. मंडळीचा स्थानिक संचालक लिओपोल्दो मिगेझ याचे गायकांशी बिनसले. त्याने वर्तमानपत्रांतून आपली कैफियत मांडून ऐन वेळी राजीनामा दिला, आणि त्याची बाजू घेऊन चिडलेल्या प्रेक्षकांनी व्हेर्दीच्या ‘आयदा’साठी उभ्या राहिलेल्या दुसऱ्या व तिसऱ्या संचालकास आरडाओरडा करून हुसकून लावले. प्रयोग रद्द होणार म्हणजे मंडळी परक्या मुलुखात उपाशी मरणार हे उघड होते. तेव्हा सहकाऱ्यांनी या पोराला पुढे ढकलले. तो चौथऱ्यावर चढला, समोरची स्वरलिपी त्याने मिटून ठेवली आणि चार अंकांचा तो प्रचंड ऑपेरा पाठ असलेल्या बरहुकूम पार पाडला. त्या हंगामात त्याने एकूण अठरा ऑपेरांचे संचालन केले.

यानंतरचे त्याचे वर्तन मला या विजयाहून अधिक बोलके वाटते. मायदेशी परतल्यावर त्याच वर्षी तुरिन येथे काटालानीच्या ‘एद्मेआ’चे संचालन करून नाव मिळवलेला हा तरुण १८८७ च्या आरंभी मिलानच्या ‘ला स्काला’ नाट्यगृहात पुन्हा साधा चेलोवादक म्हणून रुजू झाला, आणि कारण एवढेच, की तेथे वृद्ध व्हेर्दीच्या देखरेखीखाली ‘ओतेल्लो’ची पहिली उभारणी होत होती व त्याला ती जवळून पाहावयाची होती. तालमीत पहिल्या अंकातील चार चेलोंचा प्रसिद्ध भाग आला, तेव्हा तोस्कानिनीने लिहिल्याप्रमाणे अत्यंत हळुवार वाजवले, तर व्हेर्दी उठून त्याच्यापाशी आला आणि दुसऱ्या चेलोवादकाने जरा मोठ्याने वाजवावे असे त्याने बजावले. म्हणजे कागदावर लिहिले होते ते वाजवल्याबद्दल, ज्याने लिहिले त्याच्याकडूनच, कानउघाडणी झाली! पुढे १८९८ साली व्हेर्दीच्या काही धार्मिक रचनांचा इटलीतील पहिला प्रयोग तुरिनला करावयाचा ठरला, तेव्हा तोस्कानिनी शंका विचारण्यासाठी जेनोआला त्याच्या घरी गेला. त्यांतील ‘ते देउम’ पियानोवर वाजवताना एका जागी त्याने गती किंचित मंद केली. स्वरलिपीत तशी सूचना नव्हती. व्हेर्दीने त्याची पाठ थोपटली. सूचना का लिहिली नाही, याचे त्याने दिलेले कारण असे, की ती लिहिली असती तर संचालकांनी त्या जागी गती वाजवीपेक्षा फारच मंद केली असती.

तोस्कानिनीच्या हयातीत आणि नंतरही त्याच्याविषयी जो वाद माजला, त्याचे सार या दोन प्रसंगांत आहे असे मला वाटते. लिहिले आहे तेच वाजवा, असा त्याचा जन्मभर हुकूम असे आणि त्याचे भक्त त्याच्या ठायी संगीतकाराचा निःस्वार्थ प्रवक्ता पाहत. परंतु लिहिलेल्यात न लिहिलेले किती दडलेले असते हे व्हेर्दीने त्याला स्वतः शिकवले होते, आणि ते न लिहिलेले ओळखण्याचा अधिकार तो दुसऱ्या कोणालाही देत नसे.

तुरिनच्या वास्तव्यात त्याने पुच्चिनीच्या ‘ला बोहेम’चा पहिला प्रयोग १ फेब्रुवारी १८९६ रोजी सादर केला, त्यापूर्वी १८९२ मध्ये लेओन्काव्हाल्लोचा ‘पाल्याच्ची’ मिलानमध्ये त्याच्याच हातून जन्माला आला होता. पण त्याचे खरे कार्यक्षेत्र ‘ला स्काला’. हे जगद्विख्यात नाट्यगृह नगरपालिकेने अनुदान बंद केल्यामुळे १८९७ च्या हिवाळ्यात कुलूपबंद पडले होते. ड्यूक व्हिस्कोन्ती दी मोद्रोने याच्या अध्यक्षतेखाली नवे मंडळ स्थापन झाले, जुलिओ गात्ती-कासात्सा हा व्यवस्थापक नेमला गेला, आणि कलाविभागाची मुखत्यारी एकतीस वर्षांच्या तोस्कानिनीकडे आली. २६ डिसेंबर १८९८ रोजी वाग्नरच्या ‘माइस्टरझिंगर’ने आरंभ झाला. त्यानंतर जे घडले त्यास सुधारणा म्हणण्यापेक्षा राज्यक्रांती म्हणणेच योग्य होईल. प्रयोग चालू असता सभागृहातील दिवे मालवले जाऊ लागले. स्त्रियांनी मागच्यांची दृष्टी अडवणाऱ्या भव्य टोप्या उतरवून ठेवाव्यात असा नियम झाला. ऑपेरा संपल्यावर नृत्याचा एक स्वतंत्र कार्यक्रम जोडण्याची जुनी रीत मोडली. सज्जे पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या मालकीचे होते त्या घराण्यांना, म्हणजे तेथील वतनदारांनाच म्हणा, हे सर्व आपल्या दिवाणखान्यावरील आक्रमण वाटले यात नवल नाही. बेल्लिनीचा ‘नॉर्मा’ रंगीत तालमीपर्यंत आलेला असताना मनासारखा उतरला नाही म्हणून तोस्कानिनीने सरळ रद्द करून टाकला, आणि विकलेल्या तिकिटांचे काय ही चिंता गात्ती-कासात्सावर सोपवली.

निर्वाणीची लढाई झाली ती मात्र पुनर्गायनावरून. नाट्य पुढे सरकत असताना एका गीतासाठी ते थांबवून तेच पुन्हा गाणे म्हणजे कथेची हत्या, असे त्याचे मत. तर आवडलेले गीत पुन्हा ऐकणे हा तिकिटाच्या दामात आलेला आपला हक्क, असे प्रेक्षकांचे. १९०३ च्या हंगामाच्या अखेरीस व्हेर्दीच्या ‘उन बाल्लो इन मास्केरा’च्या वेळी झेनातेल्लो या गायकाच्या गीतासाठी असा गदारोळ उसळला, की ऑपेरा पुढे नेणे अशक्य झाले. तोस्कानिनी मध्यंतरात नाट्यगृह सोडून चालता झाला व थेट दक्षिण अमेरिकेला निघून गेला. तीन वर्षांनी मिलानकरांनी त्याला परत बोलावले, ते त्याच्या शर्ती मान्य करून. ज्या रसिकांशी भांडून माणूस गेला त्यांनीच त्याची मनधरणी करावी, असा योग नाट्यव्यवसायात क्वचितच येतो.

१९०८ ते १९१५ ही वर्षे त्याने न्यूयॉर्कच्या ‘मेट्रोपॉलिटन’ ऑपेरात काढली. कारूसोसारखा गायक हाताशी होता, पुच्चिनीचा ‘ला फांचुल्ला देल वेस्त’ तेथे १९१० मध्ये पहिल्याने झाला, पैसाही विपुल मिळाला. तथापि काटकसरीच्या तालमी त्याला मानवल्या नाहीत. याच काळात त्याच्या कोपाच्या आख्यायिका दोन्ही खंडांत पसरल्या. छड्या मोडणे, स्वरलिपी फेकणे, खिशातले घड्याळ जमिनीवर आपटणे, वादकांना त्यांच्या पूर्वजांसकट शिव्या देणे हा तालमीचा नित्यक्रम असे. प्रतिभेचा झटका म्हणून या प्रकारांवर पांघरूण घालण्याची जी रीत पडली आहे ती मला मान्य नाही. १९१९ मध्ये तुरिनला अशाच एका झटक्यात एक व्हायोलिनवादक जखमी झाला व प्रकरण न्यायालयात गेले. कलावंताच्या भावावेशाचा युक्तिवाद ग्राह्य धरून तोस्कानिनीला निर्दोष सोडण्यात आले, आणि हा न्याय शिंप्याच्या पोराला कलावंत होण्यापूर्वी खास मिळाला नसता. हेही सांगितले पाहिजे, की ज्यांनी त्या शिव्या खाल्ल्या त्यांपैकी अनेक वादक, तो स्वतःवर याहून अधिक संतापतो हे डोळ्यांनी पाहिल्यामुळे, त्याला सोडून जात नसत.

राजकारणात तो प्रथम पडला तो चुकीच्या बाजूने. १९१९ च्या निवडणुकीत मिलानमधून मुसोलिनीने जी उमेदवारांची यादी उभी केली, तीत तोस्कानिनीचे नाव होते. त्या वेळी मुसोलिनीच्या फॅसिस्ट पक्षाचा कार्यक्रम राजसत्ताविरोधी व बराचसा समाजवादी वळणाचा होता, आणि गारिबाल्दीच्या सैनिकाच्या पुत्राला तो पटणे स्वाभाविक होते. यादी सपशेल आपटली. पुढे मुसोलिनीने वेष बदलला, तसा तोस्कानिनी कायमचा विन्मुख झाला. डिसेंबर १९२२ मध्ये ‘फाल्स्ताफ’ चालू असताना सभागृहातील काळे सदरे घातलेल्या फॅसिस्टांनी ‘जोव्हिनेत्सा’ या पक्षगीताची मागणी केली, तेव्हा त्याने छडी मोडली आणि तो निघून गेला. बऱ्याच विनवण्यांनंतर परतून ऑपेरा पुरा केला, पण ते गीत त्याने वाजवले नाही. प्रेक्षकांच्या हट्टासाठी नाट्य न थांबवणारा माणूस पक्षाच्या हट्टासाठी ते थांबवील ही अपेक्षाच मुळी गैर होती.

या संघर्षाचा आणि त्याच्या स्वरलिपीनिष्ठेचा एकत्र प्रत्यय आला तो ‘तुरान्दोत’च्या वेळी. पुच्चिनी नोव्हेंबर १९२४ मध्ये ब्रसेल्सला निवर्तला तेव्हा या ऑपेराचा शेवट लिहावयाचा राहिला होता. फ्रांको आल्फानो याने पुच्चिनीच्या टिपणांवरून तो पुरा केला. २५ एप्रिल १९२६ रोजी पहिला प्रयोग ठरला. मुसोलिनी त्या सुमारास मिलानमध्ये होता, पण तो आला म्हणजे पक्षगीत वाजवावे लागणार आणि तोस्कानिनी ते वाजवणार नाही, या पेचामुळे त्याने येण्याचे टाळले. तिसऱ्या अंकात ल्यू या दासीच्या मृत्यूनंतरचे सूर संपले, तेथे तोस्कानिनीने छडी खाली ठेवली, प्रेक्षकांकडे वळून, संगीतकाराची लेखणी येथेच थांबली अशा आशयाचे वाक्य उच्चारले आणि पडदा पाडावयास लावला. या प्रसंगाचे गुणगान नेहमी होते. त्याच्या मागची हकिकत तितकीशी सांगितली जात नाही. आल्फानोने लिहिलेला शेवट तोस्कानिनीला फार लांबलेला व फारच आल्फानोचा वाटला होता, आणि त्याला भरपूर कात्री लावावयास त्याने आल्फानोला भाग पाडले होते. पुढच्या प्रयोगांपासून हा कापलेला शेवट रूढ झाला. पुच्चिनीच्या शब्दाबाहेर पाऊल न टाकणाऱ्या संचालकाने दुसऱ्या एका हयात संगीतकाराच्या शब्दाची मात्र फारशी पत्रास ठेवली नाही, असे आल्फानोच्या बाजूने म्हणावे लागेल.

‘ला स्काला’ त्याने १९२९ मध्ये सोडले आणि न्यूयॉर्कच्या फिलहार्मोनिक वाद्यवृंदाची सूत्रे अधिक पूर्णपणे हाती घेतली. १९३० मध्ये बायरॉइटच्या वाग्नर-महोत्सवात संचालन करणारा तो पहिला अजर्मन ठरला. १४ मे १९३१ रोजी बोलोन्या येथे मार्तुच्ची या संगीतकाराच्या स्मरणार्थ होणाऱ्या मैफलीला सरकारातील बडे लोक येणार म्हणून राष्ट्रगीत व पक्षगीत वाजवण्याचा तगादा लागला. त्याने ठाम नकार दिला आणि नाट्यगृहाच्या दारातच पक्षाच्या गुंडांनी चौसष्ट वर्षांच्या या माणसाच्या थोबाडीत मारल्या. त्याचे पारपत्र काही काळ जप्त झाले, घरावर पहारा बसला. तो मुलुखातून बाहेर पडला तो या राजवटीत इटलीत पुन्हा छडी न उचलण्याचा निर्धार करूनच.

१९३३ साली हिटलर सत्तेवर आला तेव्हा ज्यू संगीतकारांच्या छळाविरुद्ध अमेरिकेतून धाडलेल्या तारेवर तोस्कानिनीची सही पहिली होती. हिटलरने स्वतः पत्र लिहून त्याला बायरॉइटला येण्याची गळ घातली. वाग्नर हे त्याचे दैवत असूनही तो गेला नाही. याउलट, जर्मनी व मध्य युरोपातून पदच्युत झालेल्या ज्यू वादकांना जमवून ब्रोनिस्वाव हूबरमान या व्हायोलिनवादकाने पॅलेस्टाइनमध्ये वाद्यवृंद उभारला, त्याची पहिली मैफल २६ डिसेंबर १९३६ रोजी तेल अवीव येथे तोस्कानिनीने मानधनाची कवडीही न घेता सादर केली. याच वाद्यवृंदाची धुरा पुढे, त्याच १९३६ सालच्या एप्रिलमध्ये मुंबईत जन्मलेल्या झुबिन मेहता यांनी अनेक दशके, २०१९ पर्यंत, वाहिली. न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचेही संगीत-दिग्दर्शक ते १९७८ ते १९९१ या काळात होते. साल्झबुर्गचा महोत्सवही तोस्कानिनीने १९३८ च्या फेब्रुवारीत, ऑस्ट्रियाचा चान्सलर हिटलरच्या भेटीला गेल्याचे कळताच, सोडला. जर्मन फौजा शिरल्या त्या त्यानंतर महिन्याभराने.

अमेरिकेतील एनबीसी या नभोवाणी-संस्थेने केवळ त्याच्यासाठी नवा वाद्यवृंद उभा केला होता. १९३७ च्या नाताळापासून सतरा वर्षे तो त्यावर राज्य करीत राहिला आणि ज्यांनी ऑपेरागृहाचे तोंड पाहिले नव्हते अशा लक्षावधी कुटुंबांत बेथोव्हेन व व्हेर्दी पोचले. महायुद्ध चालू असताना त्याने व्हेर्दीच्या ‘राष्ट्रांचे स्तोत्र’ या रचनेवर एक चित्रपट करू दिला. मूळ रचनेत इंग्लंड, फ्रान्स व इटली यांची राष्ट्रगीते गुंफलेली आहेत. तोस्कानिनीने तीत अमेरिकेचे राष्ट्रगीत व ‘इंटरनॅशनल’ यांची भर घातली, आणि मातृभूमीच्या उल्लेखाला, तिचा विश्वासघात झाला आहे, अशा अर्थाचा एक शब्द आपल्या पदरचा जोडला. व्हेर्दीच्या दस्तऐवजात अक्षराचीही खाडाखोड खपवून न घेणाऱ्याने ही दुरुस्ती जगापुढे उघड केली, आणि माझ्या मते ती व्हेर्दीला रुचली असती.

बाँबहल्ल्यात ऑगस्ट १९४३ मध्ये उद्ध्वस्त झालेले ‘ला स्काला’ पुन्हा बांधले गेले, तेव्हा तोस्कानिनीने त्यासाठी दहा लाख लिरांची देणगी दिली आणि ११ मे १९४६ रोजी उद्घाटनाची मैफलही त्यानेच केली. वंशभेदाच्या कायद्याखाली काढून टाकलेला समूहगायनाचा प्रमुख व्हितोरे व्हेनेत्सियानी त्या दिवशी आपल्या जागेवर परत आला होता. कार्यक्रमात व्हेर्दीचे ते ‘ते देउम’ही होते. तीन वर्षांनी राष्ट्राध्यक्ष एइनाउदीने देऊ केलेले तहहयात सिनेटरपद त्याने तार करून साभार परत केले. ४ एप्रिल १९५४ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये वाग्नरच्या ‘टानहॉयझर’मधील संगीत चालू असता, अडुसष्ट वर्षे साथ दिलेल्या त्याच्या स्मृतीने काही क्षण दगा दिला, त्यानंतर त्याने जाहीर मैफल केली नाही. १६ जानेवारी १९५७ रोजी न्यूयॉर्कमधील आपल्या घरी तो वारला, व मिलानमध्ये त्याचे दफन झाले.

आज त्याची योग्यता ठरवताना आपल्या हाती ध्वनिमुद्रणेच आहेत, आणि ती त्याच्याविषयी पुरेशी न्याय्य नाहीत. कारण त्यांतील बरीचशी एनबीसीच्या ८-एच या दालनात झाली, आणि त्या दालनाच्या भिंती नाद शोषून घेत, त्यामुळे वाद्यवृंद कोरडा व कठोर ऐकू येतो. म्हातारपणी त्याची गती वाढली, नव्या संगीतकारांकडे त्याने पाठ फिरवली, आणि त्याच्या कीर्तीने तेच ते थोडके अभिजात संगीत पुनःपुन्हा ऐकण्याची खोड अमेरिकेला लावली, हे आक्षेपही निराधार नाहीत. तथापि ज्याला त्याची खरी ओळख हवी असेल त्याने ‘ला बोहेम’चे फेब्रुवारी १९४६ मधील ध्वनिमुद्रण ऐकावे. पहिल्या प्रयोगाला तेव्हा बरोबर पन्नास वर्षे झाली होती आणि ज्याने तो प्रयोग केला तोच, एकोणऐंशीच्या उंबरठ्यावर, पुन्हा संचालन करीत होता. गती नेमकी आहे, गायकांना एकही आगाऊ स्वर लांबवू दिलेला नाही; मात्र आल्बानेसे आणि पीअर्स यांची गीते ऐन रंगात आली, की त्यांच्या आवाजाखाली एक तिसरा, घोगरा, बेसूर आवाज मोकळेपणे गाताना ऐकू येतो, आणि पुच्चिनीच्या स्वरलिपीत तो कोठेही लिहिलेला नाही.